किमीनं अंग झाडलं

"आता ह्येच्यावर तुमचा कुणाचा इस्वास बसायचा न्हाई," असं म्हणून म्हाकूनाना मासाळ तंबाखूची चिमूट ओठाआड सारत, आणि मग जे काही सांगत त्यावर खरोखरच कुणाचा विश्वास बसत नसे. तो बसावा अशी नानांचीही अपेक्षा नसायची. ऐकणाऱ्यानं "छ्या!" म्हणावं, मांडीवर थाप मारावी आणि तरीही "मग पुढं?" म्हणून विचारावं, एवढ्यासाठी सगळी धडपड. उभं आयुष्य माणदेशाच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. मेंढरं ऐकून घेतात, पण दाद देत नाहीत. त्यामुळे माणूस दिसला की नानांना उमाळा फुटायचा.

अलीकडे तर मेंढरांनाही नानांची गरज उरली नव्हती. थोरला पोरगा उंबऱ्यात बसून हातातल्या काचेवर बोट फिरवायचा आणि दोन ड्रोन गुणगुणत कळप वळवायचे.

"कोल्हं भितं का रं ह्या भुंग्याला?" नाना विचारत.

"भितं की."

"आन् मेंढरू अडलं तर ह्यो भुंगा बाळंतपण करतोय व्हय?"

यावर पोरगा ऐकू न आल्यासारखं करायचा.

सध्या मात्र नानांना ऐकणारे भरपूर मिळाले होते, आणि त्यातल्या कुणालाही उठून जायची सोय नव्हती. मिरजेच्या पलीकडे मोकळ्या रानात एक नवं इस्पितळ उभं राहिलं होतं. अर्ध्या भागात माणसांचे वॉर्ड, अर्ध्या भागात शेळ्यांचे गोठे आणि मध्ये, नातेवाइकांना थांबायला, काचेच्या छताचा लांबलचक सोपा. माणसाला लागणारा अवयव तिथे शेळीच्या पोटात वाढवत. नानांची बायको बायाक्का वॉर्डात होती, कारण तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती. तिची नवी मूत्रपिंडं गोठ्यात होती, एका काळ्या शेळीच्या पोटात. आणि त्या दोघींच्या मध्ये, सोप्यात, घोंगडी टाकून नाना.

सोप्याच्या भिंतीवर ग्रीक पुराणातले प्राणी रंगवलेले होते. पंखांचा घोडा, तीन तोंडांचं कुत्रं, केसांच्या जागी वळवळते साप असलेली बाई, आणि कमरेपर्यंत माणूस नि खाली घोडा असा एक दाढीवाला गडी. हा गडी नानांचा विशेष लाडका.

"ह्यो आमच्या आज्याच्या लग्नाला आलता," नाना सांगू लागले.

"कुणाकडनं?" खाडे मास्तरांनी विचारलं. मास्तरांच्या वडिलांचं यकृत शेजारच्या गोठ्यात वाढत होतं.

"हितंच तर भानगड झाली की मास्तर! पंगतीत बसवावा तर मांडी घालता येईना. घोड्यांच्या दावणीला बांधावा तर शिव्या द्यायचा, त्याबी सुद्ध भाषेत. ताटात पुरणपोळी वाढली, तर म्हनला हे वरच्याला झालं, खालच्याला काय? शेवटी आज्यानं हातात खडू दिला. म्हनला, बाबा, तू मानूस कुठं संपतोस आन् घोडं कुठनं लागतोस, तेवढं आखून दे. म्हंजे आमाला वाढायला बरं."

सोपा खदाखदा हसला. हसणाऱ्यांत डॉक्टर शमा मुजावरही होत्या. सांगलीकडच्याच, वयानं नानांच्या नातीएवढ्या, पण शेळ्यांच्या आणि माणसांच्या पोटातलं सगळं त्यांच्या हाती.

"नाना, तुमच्या शेळीलाही आम्ही याच पुराणातलं नाव देतो," त्या म्हणाल्या. "किमेरा. पुढून सिंह, मध्ये शेळी, शेपटीच्या जागी साप. आणि तोंडातून आग."

"मंग तिचं काय झालं?"

"मारली. त्या पंखांच्या घोड्यावर बसून एक वीर आला. भाल्याच्या टोकाला शिशाचा गोळा लावून तिच्या घशात घातला. तिच्याच आगीनं शिसं वितळलं आणि ती गेली."

नाना तंबाखू चघळायचे थांबले. "तिला कुनी काय इचारलं न्हाई?"

"काय विचारायचं?"

"न्हाई, सहज." नाना भिंतीकडे बघत राहिले. 'किमेरा' त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी शेळीचं 'किमी' करून टाकलं.

शास्त्र डॉक्टरांनी समजावलं ते असं. बायाक्काच्या दंडाच्या कातडीची टिकलीएवढी चकती काढली. त्यातल्या पेशींना उलट्या वाटेनं मागे नेलं, इतकं मागे की बायाक्का तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा जशा होत्या, तशा त्या कोवळ्या झाल्या. कोवळी पेशी काहीही व्हायला तयार असते. दुसरीकडे शेळीचा अगदी सुरुवातीचा गर्भ घेतला, मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी लहान. मूत्रपिंड घडवायची जी आज्ञा त्याच्यात लिहिलेली असते, तेवढी खोडून टाकली. म्हणजे शेळी घडणार, पण ती जागा मोकळी राहणार. त्या मोकळ्या जागेत बायाक्काच्या कोवळ्या पेशी सोडल्या. शेळी वाढली, आणि तिच्या पोटात मूत्रपिंडं वाढली ती बायाक्काची.

"मावशींचं शरीर त्यांना परकं म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "माहेरचं माणूस आल्यासारखं आत घेईल."

"आणि पेशी वाट चुकून भलतीकडे गेल्या तर?" खाडे मास्तरांनी मास्तरकी केली.

"मेंदूकडे निघालेली पेशी वाटेतच मरावी, असं कुलूप आम्ही आधीच घालून ठेवलेलं असतं."

"कुलूप पक्कं आहे ना?"

"आजवर तरी."

नानांनी जन्मभर घराला कुलूप लावलं नव्हतं. त्यामुळे कुलपाचं भय काय असतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं नाही.

शेळी घाबरली की तिच्या रक्तात नको ते उतरतं आणि अवयवाला बाधतं, म्हणून घरच्यांपैकी कुणीतरी रोज तिच्याजवळ बसायचं, असा तिथला शिरस्ता होता. नानांना दुसरं काय हवं होतं? सकाळी बायाक्काशी बोलायचं, दुपारी किमीला सुबाभळीचा पाला घालत गोष्टी सांगायच्या.

आता बायाक्काची एक खोड सांगायला हवी. नाना थापा मारायला लागले की ती त्यांच्याकडे पाठ करून बसायची. भाकरी थापत असेल तर थापत राहायची, लोकर विंचरत असेल तर विंचरत राहायची. आणि नेमकी थाप आली की नाकातून हवा सोडायची, फुर्र. शब्द नाही, भांडण नाही. नुसतं फुर्र. सगळ्या संसारात नानांची एकही थाप त्यातून सुटली नव्हती.

त्या दुपारी किमी पाठ करून रवंथ करत होती. नाना सांगत होते, "माझ्या बापाकडं शंभरभर मेंढरं हुती." रवंथ चालू. "दोन कुत्री हुती." रवंथ चालू. "त्यातलं एक कुत्रं तर बासरी वाजवायचं."

किमीचा जबडा थांबला. फुर्र.

नाना हसले. शेळ्या फुरफुरतातच. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, हातातला पाला खाली ठेवला.

"माझं नाव म्हाकू."

रवंथ.

"मी कलेक्टर हुतो."

फुर्र.

"आमचं लगीन खरसुंडीच्या जत्रंत ठरलं."

रवंथ, सावकाश.

नाना आणखी जवळ सरकले. पुढचं वाक्य त्यांना म्हणायचं नव्हतं, पण जीभ जन्मभराची मोकाट. "मला," ते पुटपुटले, "मला तुझी काय काळजी वाटत न्हाई."

फुर्र.

आणि किमीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. शेळीचे डोळे आडव्या बाहुलीचे. त्यात काय आहे ते दिसत नाही. नाना उठले आणि चप्पल विसरून सोप्यात आले.

भिंतीवरचा अर्धा घोडा त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या कमरेपाशी, जिथं माणसाची कातडी संपून घोड्याचे केस लागतात, तिथे चित्रकारानं रंग एकमेकांत मिसळून टाकले होते. इतके दिवस त्यावर हसले होते ते. आज त्यांनी जवळ जाऊन बोटानं रेघ शोधली. सापडेना.

ते खाडे मास्तरांपाशी गेले. "मास्तर, किमीला माझी थाप कळती. बायाक्कावानी फुर्र करती."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "वा नाना! कुत्र्याच्या बासरीपेक्षा भारी. मग पुढं?"

"आवं, खरंच सांगतोय मी!"

"तेच तर! रोज तसंच सांगता की."

सगळा सोपा हसला. आयुष्यात पहिल्यांदाच ते हसणं नानांना टोचलं.

डॉक्टर मुजावर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नानांना खुर्ची दिली आणि किमीच्या डोक्याचं चित्र पडद्यावर आणलं. करड्या ढगात कुठे कुठे हिरवे ठिपके होते.

"नाना, तुमच्यापासून लपवत नाही. हे ठिपके मावशींच्या पेशींचे आहेत. इथे असायला नको होते. थोडे आहेत, पण आहेत."

"म्हंजे बायाक्का आत हाय?"

"नाही. मूठभर मीठ पडलं म्हणून विहिरीचा समुद्र होत नाही."

"पन पानी खारट लागतंय का न्हाई?"

डॉक्टरांनी पडदा बंद केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण मावशींचं मला माहीत आहे. त्यांच्या हातातल्या शिरा आता डायलिसिसच्या सुया घेईनात. मूत्रपिंडं शेळीच्या मापाची आहेत, एकानं भागणार नाही, दोन्ही काढावी लागतील. म्हणजे किमी राहणार नाही. तिला दुखू देणार नाही मी, एवढा शब्द देते. दुसरी किमेरा वाढवायची तर दोन वर्षं जातील. मावशींजवळ दोन वर्षं नाहीत. उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे नाना. तुम्ही यात गोंधळ घालू नका."

नानांनी गोंधळ घालायचा नाही असंच ठरवलं होतं. बायाक्काला काही म्हणून सांगायचं नाही. पण ज्या माणसाच्या पोटात थाप राहत नाही, त्याच्या पोटात खरं कसं राहील? वॉर्डात गेले, खाटेच्या कडेला टेकले आणि तोंडून निघून गेलं, "अगं, तुजा इस्वास बसायचा न्हाई."

बायाक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावर सूज, ओठ कोरडे. नानांनी सगळं सांगितलं. फुर्र, मेंढरं, कलेक्टर, हिरवे ठिपके. सांगताना त्यांचे कान तिच्या नाकाकडे लागले होते. आता येईल, मग येईल. एक फुर्र आलं असतं तर ते सुटले असते.

आलं नाही.

"मंग इचारा की तिला," बायाक्का भिंतीलाच म्हणाली.

"काय इचारू?"

"देवाला जितराब न्यायचं तर आपन पाठीवर पानी घालतो. अंग झाडलं तर त्याची खुशी. न्हाई झाडलं तर दावं सोडून देतो. हितं बिरोबा न्हाई म्हून काय इचारायचं बी न्हाई?"

"येडी का खुळी तू? शेळी हाय ती!"

"आत्ता तर म्हनालासा, मी हाय."

नाना खाटेवरून उठले आणि परत टेकले. "आन् न्हाई झाडलं तर?"

"तर मला गावाकडं न्या. तिला बी."

"आन् मग?"

"मग काय. जेवढे दीस असतील तेवढे." ती कूस बदलून त्यांच्याकडे वळली. "आवं, जन्मात कुनाचं न इचारता घेतलं न्हाई मी. आता आतडं घेऊ?"

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "घाला की पाणी! अहो, केसाळ जनावर ओलं झालं की अंग झाडतंच. केसांच्या मुळांशी बारीक तंतू असतात, ते थेट पाठीच्या कण्याला निरोप देतात. त्यात मर्जीचा प्रश्नच नाही. जगातली कुठलीही शेळी झाडेल. तुम्ही पाणी घाला, येऊन सांगा, आणि मावशी लगेच संमतीचा अंगठा देतील. मी वॉर्डातच थांबते."

हे शास्त्र नानांनाही आपल्या परीनं ठाऊक होतं. देवळापुढं कितीतरी बकऱ्यांवर त्यांनीच पाणी घातलं होतं. पाणी गार घ्यायचं. मानेपासून शेपटापर्यंत एकच धार सोडायची. तरीही बकरं मख्ख उभं राहिलं, तर चार थेंब कानात. कान भिजल्यावर न झाडणारं जितराब अजून जन्माला यायचं होतं. दावं सोडून देण्याची पाळी त्यांच्यावर कधीच आली नव्हती.

संध्याकाळचं ऊन गोठ्यात तिरपं उतरलं होतं. नानांनी तांब्या भरला, लांबूनच हात पुढे करून किमीच्या मानेपासून धार सोडली.

किमी उभी राहिली.

दुसरा तांब्या. काळे केस चपटे होऊन कातडीला चिकटले, पोटाखालून थेंब गळू लागले. किमीनं रवंथसुद्धा थांबवला नाही.

"झाड गं," नाना म्हणाले. "झाड बाई."

कानात चार थेंब टाकले. कान तेवढा फडकला. अंग नाही. नानांनी मग बादलीच उचलली. ती लांबूनच किमीच्या पाठीवर रिती केली. किमी थंडीनं कुडकुडायला लागली, कातडी शहारत होती, गुडघे लटपटत होते, पण ती अंग काही झाडेना. जणू तिला ठाऊक होतं, झाडलं म्हणजे काय होतं ते.

मग ती चार पावलं चालून भिंतीपाशी गेली. तिथे गोणपाट टांगलेलं होतं. त्याला तिनं आधी एक गाल घासला, मग दुसरा, मग डोळे.

जितराब अंग झाडतं. तोंड पुसतं ते माणूस.

किमी कुडकुडत होती. तिला सर्दी झाली तर उद्याचं सगळं फसेल, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला याचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, तिच्या अंगावर टाकली आणि ती कोरडी होईपर्यंत चोळत राहिले. किमी मान त्यांच्या काखेत घालून उभी होती. बायाक्काची मूत्रपिंडं तिच्या कातडीखाली, हातभर अंतरावर, गुमान काम करत होती. खरं बोललं तर बायाक्का जाणार. खोटं बोललं तर... नानांनी वाक्य पुरं केलं नाही. आजवर त्यांच्या थापेनं कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं. ही पहिली अशी थाप असणार होती जिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसायला हवा.

घोंगडी खांद्यावर टाकून ते वॉर्डात आले. डॉक्टर उभ्या होत्या, हातात अंगठा टेकवायची काच. खाडे मास्तर दारात. बायाक्का भिंतीकडे तोंड करून.

"झाडलं," नाना म्हणाले.

मग त्यांनी पुढे सांगायला घेतलं, आणि सांगता सांगता जुना गडी जागा झाला. "पहिला तांब्या मानंवर पडतोय न पडतोय, तर काय! डोक्यापासनं जी सुरुवात केली तिनं, ती पार शेपटापातुर. पानी उडालं ते छताच्या काचंला. शेजारच्या शेळ्या वरडाय लागल्या, पाऊस आला म्हून. मास्तर, तुमच्या वडलांची शेळी तर कोपऱ्यात जाऊन उभी ऱ्हायली!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी डोळे टिपले. "बरं झालं नाना. फार बरं झालं."

डॉक्टरांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "मी म्हटलंच होतं," त्या म्हणाल्या आणि काच बायाक्कापुढे धरली. "मावशी, इथं अंगठा."

नाना बायाक्काच्या नाकाकडे बघत होते. फुर्र आलं नाही. सुटलो, असं वाटून ते खाटेजवळ सरकले.

बायाक्का कुशीवर वळली. सुजलेला हात वर आला, काचेपर्यंत गेला, आणि काचेला बगल देऊन पुढे, नानांच्या धोतराच्या सोग्यापर्यंत आला. तिनं तो कोरडा सोगा दोन बोटांत चुरगाळून बघितला. मग हात वर नेऊन खांद्यावरची घोंगडी चाचपली. घोंगडीतून पाण्याचा एक थेंब तिच्या मनगटावर ओघळला.

"खोटं," ती म्हणाली, दारातल्या मास्तरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "झाडलं असतं तर धोतर भिजलं असतं. भिजलीया ती घोंगडी. तुमी पुसलंसा तिला." तिनं काच हातानं बाजूला सारली. "दावं सोडा आता. दोघींस्नी घरी न्या."